नगारखान्यातील साक्षीदार
(विजापूरचे वस्तुसंग्रहालय आणि आपण)

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी विजापूर पाहिले असेल. सोलापूरहून सकाळी निघाले तर दुपारच्या आत माणूस तेथे पोहोचतो. शाळांच्या सहली जातात, उरुसाला जाणारे लोक वाट वाकडी करून जातात, नवविवाहित जोडपी जातात. गोल घुमटाचे जिने चढून वर गेल्यावर जो तो सज्जात उभा राहून आपल्या नावाचा पुकारा करतो व घुमटाने ते नाव अनेकदा परत दिले म्हणजे खूष होऊन खाली उतरतो. मग फाटकाबाहेर चहा होतो आणि गाडी परतीच्या वाटेला लागते.

या जाण्यायेण्यात एक इमारत मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. घुमटाच्या समोर, दक्षिणेच्या बाजूला, उंच कमानीचा एक भारदस्त नगारखाना आहे. पूर्वी येथे चौघडा वाजे. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. घुमटाकडे जाणारा प्रत्येक माणूस या इमारतीपाशी येतो. आत जाणारे त्या मानाने थोडेच. आजच्या लेखात मी आपल्याला याच इमारतीत घेऊन जाणार आहे. विजापूरचे वैभव वर्णन करावे एवढाच यामागे हेतू नाही. तेथील वस्तूंनी आपल्यासमोर एक प्रश्न ठेवला आहे, आणि तो आपल्या घराघरांशी निगडित आहे.

प्रथम या संग्रहालयाचा जन्म कसा झाला ते पाहू. इ. स. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आदिलशाहीचा सुमारे दोनशे वर्षांचा डाव संपला. राजधानी गेली तशी वस्तीही पांगली. पुढे मोगल, निजाम, पेशवे असे धनी बदलत गेले. १८१८ मध्ये हा मुलूख सातारच्या छत्रपतींकडे आला व १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा होताच इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८८५ साली जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापुरास हलविण्यात आले. कचेऱ्या थाटायला जागा हवी होती, आणि उभे वाडे व महाल तर समोरच होते. तेव्हा जुन्या इमारतींची डागडुजी करून त्यांत सरकारी कामकाज सुरू झाले. गोल घुमटाला लागून असलेल्या मशिदीचासुद्धा प्रवाशांचा बंगला झाला होता! लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून आले, तेव्हा त्यांनी अशा वापराविरुद्ध आवाज उठविला आणि ती मशीद मोकळी झाली.

याच काळात काही इंग्रज अधिकाऱ्यांना गावोगाव विखुरलेल्या शिळा, मूर्ती, शस्त्रे व हस्तलिखिते एकत्र करण्याची आवड लागली. त्यातून १८९२ साली या नगारखान्यात जिल्ह्याचे संग्रहालय सुरू झाले. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. ते राज्य १९७३ पासून कर्नाटक म्हणून ओळखले जाते. १९८२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने संग्रहालय आपल्याकडे घेतले. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपूर असे आहे. मराठी माणसाच्या तोंडी मात्र अजून विजापूरच आहे, म्हणून या लेखातही तेच नाव वापरले आहे.

आता आत चला. तळमजल्यावर दगडांचे राज्य आहे. देवादिकांच्या मूर्ती आहेत, जैन तीर्थंकर आहेत, गावाच्या रक्षणासाठी पडलेल्या शूरांचे वीरगळ आहेत आणि शिलालेख आहेत. हे लेख एका भाषेत नाहीत. कानडी आहेत, संस्कृत आहेत, अरबी आहेत, फारसी आहेत. अक्षरे काही कोनदार, काही वेलीसारखी वळणावळणाची. शाळकरी मुले त्यांवरून बोट फिरवतात आणि पुढे जातात. मोठी माणसे बोटही फिरवत नाहीत.

परंतु या शहराचा खरा इतिहास दगडांतच आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. अर्किल्ल्याच्या दरवाजापाशी असलेल्या जुन्या खांबांवर शके ९९६ म्हणजे इ. स. १०७४ चा चालुक्यकालीन लेख आहे. तेव्हाही गावाचे नाव विजयपूरच होते. म्हणजे आदिलशहांनी हे शहर ओसाड माळावर वसविले नाही. ते आले तेव्हा गावाला चारशे वर्षांचा इतिहास होता. याच अर्किल्ल्यात करीमुद्दीनची मशीद आहे. ती इ. स. १३२० ची. तिला जुन्या देवळांचे खांब लावले आहेत, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. राज्ये बदलताना जगभर असे घडत आले आहे. पण त्या मशिदीवरील लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि तीही तितकीच खरी आहे. लेख फारसी व नागरी अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला आहे आणि त्यात सुभेदार मलिक करीमुद्दीन याच्या नावाबरोबर काम करणाऱ्या कारागिराचेही नाव आले आहे. तो होता साळोटगी गावचा रेवय्या सुतार. हुकूम देणाऱ्याचे नाव दगडावर राहते, हे आपण नेहमी पाहतो. येथे हात चालविणाऱ्याचेही राहिले. ज्याला फक्त इमारत पाहता येते त्याला मशिदीतले खांब दिसतात. ज्याला अक्षरे वाचता येतात त्याला रेवय्याही भेटतो.

गोल घुमटाचेच उदाहरण घ्या. घुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट आहे हे मार्गदर्शक आपल्याला सांगतो. दक्षिण दरवाजावर फारसीतील तीन लहान वाक्ये आहेत, त्यांकडे मात्र क्वचितच कोणी मान वर करून पाहतो. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक संख्या ठरलेली असते. त्या हिशेबाने वाक्यातील अक्षरांची बेरीज केली की साल निघते. या तीनही वाक्यांची बेरीज हिजरी १०६७ अशी येते. मुहंमद आदिलशहाच्या मृत्यूचे ते साल, म्हणजे इ. स. १६५६. एकच साल तीन निरनिराळ्या वाक्यांत बसविणारा तो लेखक किती हुशार असेल! आणि ती बेरीज समजणारे वाचक त्या काळी शहरात किती असतील! आज दरवाजाखालून जाणाऱ्या हजारांत एकाला तरी ती करता येत असेल काय?

आता वरच्या मजल्यावर जाऊ. येथे शस्त्रे आहेत, चिनी मातीची भांडी आहेत, चित्रे आहेत, हस्तलिखिते आहेत, आसार महालातले जुने गालिचे आहेत. हे सर्व पाहताना आदिलशाही दरबाराचे एक वैशिष्ट्य मनात ठेवले पाहिजे. तो दरबार एका भाषेचा किंवा एका जमातीचा नव्हता. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम केला आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा दफ्तरात मोठा प्रवेश झाला, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हा फरिश्ताही विजापूरच्याच आश्रयाला राहून आपला ग्रंथ लिहीत होता. दुसरा इब्राहीम (१५८० ते १६२७) तर स्वतः कवी व गायक. त्याचे 'किताब-ए-नौरस' हे दखनी भाषेतील गीतांचे पुस्तक रागांप्रमाणे रचलेले आहे, आणि त्यात सरस्वती व गणपतीची स्तुती आहे तशीच पैगंबरांची आणि गुलबर्ग्याच्या हजरत गेसूदराज यांचीही आहे. लोक या बादशहाला जगद्गुरू म्हणत. दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारात नुसरतीने 'अलीनामा' हे दखनी काव्य लिहिले.

आणि मराठी? आदिलशाहीची पुष्कळ फर्माने दुभाषी आहेत. एका भागात फारसी मजकूर, दुसऱ्या भागात त्याचाच मराठी तर्जुमा मोडीत. देशमुख, देशपांडे, काझी, मुकादम यांना दोहोंपैकी एक तरी वाचता यावा हा त्यातला व्यवहार. शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. शिवछत्रपतींच्या बालपणीची पुणे-सुप्याकडील जहागीर याच दरबाराच्या कागदांत नोंदलेली आहे. आपण आज सहज बोलतो ते सनद, अर्ज, जमीन, वसूल, हुकूम हे शब्द या दफ्तरांतूनच आपल्या ओसरीवर आले. चिटणीस व फडणीस या आडनावांतला 'नीस' हा फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. तेव्हा विजापूरचे संग्रहालय हे परक्या राज्यातील परक्या राजवटीचे आहे असे मराठी वाचकाने समजू नये. तेथील कपाटात त्याच्याही घराचा कागद आहे.

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

संग्रहालय पाहताना मनात येते की, ज्या शहरात एवढे कवी, इतिहासकार, सुलेखनकार व विद्वान होते, त्या शहराचे ग्रंथ कोठे गेले? शाही ग्रंथालय होते. त्याचा मोठा भाग १६८६ नंतर गाड्या भरून औरंगजेबाने नेला, असे परंपरा सांगते. जे राहिले ते आसार महालात होते. ही वास्तू मुहंमद आदिलशहाने सतराव्या शतकाच्या मध्याला न्यायदानासाठी बांधली, पुढे तेथे पैगंबरांचे पवित्र अवशेष ठेवले गेले. अवशेषांच्या पुण्याईने ग्रंथही पावणेदोनशे वर्षे तेथे सुरक्षित राहिले. त्यांना हात लावायला लोक धजत नसत. परंतु त्यांना कोणी वाचतही नव्हते. वाळवी आणि दमट हवा आपले काम करीत होती.

१८४८ नंतर सातारचे कमिशनर बार्टल फ्रियर यांचे लक्ष या ग्रंथांकडे गेले. त्यांच्या सांगण्यावरून हमीदुद्दीन हकीम या जाणत्या गृहस्थांनी ग्रंथांची यादी तयार केली. पाने चाळून, नावे ओळखून, विषयवार नोंद करण्याचे हे काम किती चिकाटीचे असते ते ज्यांनी जुनी दफ्तरे उघडली आहेत त्यांनाच कळेल. पुढे १८५३ साली हा संग्रह लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात पाठविण्यात आला. ग्रंथ होते चारशेच्या वर, बहुतेक अरबी. कुराणावरील भाष्ये, हदीस, न्यायशास्त्र, व्याकरण, तर्क असे विषय. त्यांतील पुष्कळांवर आदिलशहांच्या मोहरा उमटलेल्या आहेत. १८७७ मध्ये ऑटो लोथ या जर्मन पंडिताने इंडिया ऑफिसच्या अरबी हस्तलिखितांची सूची छापली, तीत हे ग्रंथ जगापुढे आले. १९८२ साली इंडिया ऑफिसचे ग्रंथालय ब्रिटिश लायब्ररीत समाविष्ट झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी नगारखान्यातले संग्रहालय पुरातत्त्व खात्याकडे आले. एकाच घरची दोन भावंडे सहा-सात हजार कोसांवर नसली तरी सातासमुद्रांपलीकडे एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या छपरांखाली एकाच साली सरकारजमा झाली म्हणा ना!

आता याच्या जोडीला दुसरी हकिकत ऐका. विजापूरच्या शेरजा बुरुजावर मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती व १६३२ मध्ये तेथून विजापूरला आणली गेली. १८५४ मध्ये, म्हणजे ग्रंथ लंडनला गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, सरकारने ही तोफ मोडीत काढून लिलावात मांडली. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! लोक या तोफेला मानतात, तिला फुले वाहतात, आणि किंमत तर अशी नगण्य, हे पाहून अधिकाऱ्यांनी विक्री रद्द केली. तोफ आजही तेथेच आहे.

वाचकहो, या दोन हकिकती शेजारीशेजारी ठेवून पाहा. तोफ राहिली, ग्रंथ गेले. तोफ राहण्याचे एक कारण तिचे वजन हे आहेच. पण दुसरेही कारण आहे. तोफेला गावात माणसे होती. ती तिच्याजवळ जात, तिला आपली मानत. ग्रंथांना गावात माणूस उरला नव्हता. त्यांचा आदर होता, पण वाचक नव्हता. ज्या वस्तूला वाचक नाही ती कोणी उचलून नेली तर ओरड करणारा तरी कोठून येणार? इंग्रजांनी ते नेले याचे दुःख आपल्याला व्हावे हे स्वाभाविक आहे. पण न्यायाने बोलायचे तर लंडनमध्ये ते जपले गेले, त्यांची सूची झाली, अभ्यास झाला. येथे राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

सुदैवाने आपल्याकडेही वाचणारी माणसे झाली. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाचे गणेश हरी खरे यांनी फारसी शिकून घराघरांत पडलेली फर्माने वाचली व 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेत मराठी वाचकांपुढे ठेवली. हेन्री कझिन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९१६ साली प्रसिद्ध झाला. मुहंमद नाझिम यांनी विजापूरचे शिलालेख वाचून १९३६ मध्ये पुरातत्त्व खात्यातर्फे पुस्तकरूपाने छापले. पुरातत्त्व खात्याची अरबी व फारसी कोरीव लेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे. तेथे डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने आयुष्य वेचले आणि देशभरच्या मशिदी, दर्गे, विहिरी व वेशींवरील लेख वाचून काढले. खरे यांनी फारसी आपली मानली. नाझिम व देसाई यांच्या वाचनामुळे कित्येक गावांना आपल्या वेशीचे साल कळले. विद्येच्या बाबतीत कोणती लिपी कोणाची, हा वाद या माणसांनी घातला नाही.

मग आपण काय करावे? सगळ्यांनी पुरातत्त्वज्ञ व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण चार गोष्टी प्रत्येकाला करता येतील.

पहिली, आपल्या घरातील पेटी उघडावी. काझी, खतीब, मुजावर, इनामदार, पाटील, कुलकर्णी यांच्या घरांत अजून जुने कागद आहेत. कोणी ते तावीज समजून गुंडाळून ठेवले आहेत, कोणी रद्दी समजून. ते कोरडे ठेवावेत, चिकटपट्टी लावू नये, आणि त्यांची यादी करावी. हमीदुद्दीन हकिमांनी जे केले ते आपल्या पेटीपुरते आपणही करू शकतो. यादी झाली की वस्तू हरवली तरी नाव हरवत नाही.

दुसरी, आपल्या मशिदीवर, दर्ग्यावर, देवळावर, बारवेवर लेख असेल तर त्याला चुना वा तेलरंग फासू नये. श्रद्धेने लावलेल्या एका हाताने चारशे वर्षांची अक्षरे बुजतात. दुरुस्ती करण्यापूर्वी लेखाचा फोटो घ्यावा व जाणकाराला दाखवावा.

तिसरी गोष्ट शिक्षणसंस्थांची. मोडी शिकविण्याचे वर्ग राज्याचे पुराभिलेख खाते भरविते. अरबी व फारसी जाणणारे शिक्षक आपल्यात आहेत. मुलांना वर्षातून एकदा सहलीला नेतो, तर तेथील एक लेख आधी वर्गात फळ्यावर लिहून, समजावून मग न्यावे. तो विद्यार्थी गोल घुमटाच्या दरवाजाखाली उभा राहून १०६७ ची बेरीज स्वतः करील, तेव्हा त्याला मिळणारा आनंद सज्जातल्या प्रतिध्वनीपेक्षा कमी नसेल.

चौथी, आपल्या शाळेत एक कपाट असू द्यावे. गावातील जुनी वजने, मापे, नाणी, छापखान्याची पत्रके, पहिल्या तुकडीचे हजेरीपट, विणकराचा मोडका धोटा, जे मिळेल ते चिठ्ठी लावून ठेवावे: कोणाकडून आले, कधी आले, कशासाठी वापरीत. १८९२ चे विजापूरचे संग्रहालयही हौशी माणसांच्या अशाच गोळा करण्यातून उभे राहिले.

शेवटी पुन्हा त्या रेवय्या सुताराच्या गावाकडे जाऊ. साळोटगी हे विजापूर जिल्ह्यातील इंडी तालुक्यातले गाव. तेथील इ. स. ९४५ चा एक शिलालेख प्रसिद्ध आहे. त्या काळी गावात एक विद्यालय होते. परगावच्या विद्यार्थ्यांसाठी २७ घरे होती. दिव्यांच्या तेलासाठी वेगळी जमीन होती, गुरूंसाठी वेगळी. आणि गावातील ब्राह्मण कुटुंबांनी आपसांत ठरविले होते की, लग्न झाले तर पाच, मुंज झाली तर अडीच आणि जावळ झाले तर सव्वा नाणे विद्यालयाला द्यायचे. हजार वर्षांपूर्वी एका खेड्याने घरच्या आनंदातला वाटा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढला. आज मदरशाच्या, शाळेच्या, वसतिगृहाच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्याला हा हिशेब अनोळखी वाटणार नाही.

ते विद्यालय आज नाही. ते होते, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते दगडावर लिहिले, दगड टिकला, आणि नऊशे-हजार वर्षांनी कोणीतरी तो वाचला. या तिघांपैकी एकजण कमी पडला असता तरी साळोटगीची मुले, त्यांचे दिवे आणि ती सव्वा नाण्याची वर्गणी आपल्याला कळली नसती. लिहिणारे आपले काम करून गेले. दगड अजून नगारखान्यात उभे आहेत. पुढच्या खेपेस विजापूरला जाल तेव्हा घुमटाकडे जाण्यापूर्वी अर्धा तास तेथे थांबा, आणि बरोबर मुलांना घेऊन जा.